खेकड्याची धाकटी पाती

एकतीस वर्षं मी शाळेत विज्ञान शिकवलं आणि त्यातली निदान पंचवीस वर्षं एक गोष्ट चुकीची शिकवली. कुणी पकडलं नाही. कुंडी उचलली की तिच्या बुडाशी करडे, कवचाचे, मसुरीएवढे जीव इकडेतिकडे पळतात आणि बोट लावलं की त्यातले काही अंगाची गोळी करून पडून राहतात, ते पोरं काडेपेटीत घालून वर्गात आणायची. "सर, हे काय?" मी मान वर न करता सांगायचो, "कीटक. पान उलटा." पोरं पान उलटायची. त्यातली काही आता डॉक्टर आहेत. ईश्वर पेशंटांचं भलं करो.

या चुकीची शिक्षा मला निवृत्त झाल्यावर, माझ्याच मागच्या दारी मिळाली. आणि ती देणाऱ्या माणसाने चौथीत शाळा सोडली होती. ते माझे सासरे.

त्यांची वाडी इगतपुरीपासून आत, डोंगराच्या कुशीत. भाताची शेती. सासूबाई गेल्या हिवाळ्यात गेल्या आणि मामा (मी त्यांना मामा म्हणतो, बायको दादा म्हणते) घरात एकटे उरले. शेत पुतण्याकडे वाट्याने दिलेलं. बायको त्यांची एकुलती एक. "तिकडचा पाऊस, ऐंशीचा माणूस, भिंतीला ओल, संडास बाहेर," असं ती बोटांवर मोजायची आणि रडायची. शेवटी ज्येष्ठात मामा आमच्याकडे पंचवटीत यायला कबूल झाले, पण एका अटीवर. "आवणीपर्यंत बघू," म्हणाले. आवणी म्हणजे भाताची लावणी. तोवर जीव रमला तर राहायचं, नाहीतर परत. बायकोने ते 'बघू' असं जपलं की जणू देव्हाऱ्यात ठेवलंय.

त्यांचं सामान दोन नग. एक कापडी पिशवी आणि एक इरलं. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, त्यावर पळसाची पानं थापून बसवलेली, डोक्यापासून कमरेखालपर्यंत पाठ झाकणारं. वाकून लावणी करताना दोन्ही हात मोकळे राहतात आणि पाठ कोरडी. हल्ली कुणी वापरत नाही, खताच्या गोणीची खोळ करून घेतात. हे इरलं सासूबाईंचं होतं. मामा ते एसटीत मांडीवर घेऊन आले. कंडक्टरने काय म्हटलं असेल ते असो.

आमचा फ्लॅट तळमजल्यावर. हॉल म्हणजे सोफा, टीव्ही आणि चपलांचं कपाट यांनी वाटून घेतलेली जागा. त्यात इरलं उभं राहिलं. मी दोन दिवस अडखळलो, तिसऱ्या दिवशी ते उचलून स्वयंपाकघरामागच्या मोकळ्या जागेत नेलं आणि कुंड्यांवर तिरकं टेकवून ठेवलं.

"अहो, आईचं इरलं कुठंय?"

"मागं. हवेशीर आहे."

"भिजेल ना ते."

"भिजायलाच तर केलेलं असतं," मी म्हणालो. माझं तर्कशास्त्र असं चोख असतं.

"बघा हं," ती म्हणाली. या दोन शब्दांकडे मी लग्नापासून दुर्लक्ष करत आलोय.

मामा काही बोलले नाहीत. ते कशावरच बोलत नव्हते. जेवलात का? हो. झोप लागली? हो. पंखा वाढवू? नको. चहा ठेवू? ठेव. बायको त्यांच्यासाठी नागलीची भाकरी करायची, गरम पाणी, मऊ उशी, पायाला तेल. मी टीव्हीवर कीर्तन लावून द्यायचो आणि आवाज वाढवायचो. ते समोर बसायचे, पण नजर खिडकीच्या गजांवर. दिवसातून वीसदा आम्ही त्यांना काही ना काही विचारायचो आणि वीसदा ते एका शब्दात उत्तर द्यायचे. आषाढ लागला. बायको कॅलेंडरकडे बघणं टाळू लागली.

आणि मग तो मंगळवार.

सकाळी मामा स्वतःहून उठून मागे गेले. इरलं पाहायला गेले असावेत. मी चहाचा कप घेऊन मागोमाग. वरच्या मजल्यावरच्या काकू कढीपत्ता तोडायला आल्या होत्या, बायको त्यांच्याशी बोलत उभी. मामांनी इरलं उचललं. खालची पानं काळी पडून लगदा झाली होती आणि त्या लगद्यात तेच ते, माझे काडेपेटीतले विद्यार्थी, शंभरएक तरी. काही पळाले, काही गोळ्या होऊन फरशीवर टपटप पडले.

"अरे बाप रे, कीटक!" मी म्हणालो. "इरलं खाल्लं की यांनी!"

मामा उकिडवे बसले. एक उचलून तळहातावर घेतला, उताणा केला, बराच वेळ पाहिला. मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "जावईबापू, हे किडं नाय. हे खेकड्याच्या भावकीतलं हाय."

मी हसलो. नुसतं हसून थांबलो असतो तरी एक वेळ चाललं असतं. पण समोर श्रोते होते आणि हातात चहाचा कप होता, माझ्यातला मास्तर जागा झाला. "मामा," मी म्हणालो, "खेकडा कुठं, हे कुठं! उद्या म्हणाल पाल ही मगरीची मावशी!" काकू खळखळून हसल्या. मला हुरूप आला. मी कीटकांवर दोन-तीन मिनिटं बोललो. सहा पाय, तीन भाग, वगैरे. पाय मोजायचे मात्र राहून गेले.

मामांनी तो जीव हळूच पानावर ठेवला, हात धोतराला पुसले आणि आत गेले.

दुपारी जेवले नाहीत. "भूक नाय." संध्याकाळी अर्धी भाकरी. बुधवारी सकाळी चहा पिऊन झाल्यावर मला म्हणाले, "जावईबापू, शनिवारी मला गाडीत बसवून द्या. आवणी लागली असंल."

बायको ओट्याशी उभी होती. ती वळली नाही. मामा बाहेर गेल्यावर मला म्हणाली, "महिनाभरात दादा काल पहिल्यांदा आपणहून काहीतरी बोलले. एक वाक्य. आणि तुम्ही..." पुढचं तिने पोळीवर काढलं. ती पोळी मला वाढली. वातड होती, मी मुकाट्याने खाल्ली.

गुरुवारी दुपारी ती दोघं झोपल्यावर मी भिंग घेऊन मागे गेलो. हेतू असा होता की पाय मोजायचे, सहा भरले की निदान मनातल्या मनात तरी निर्दोष सुटायचं. एक पकडला. त्याने गोळी केली. गोळीला पाय मोजता येत नाहीत. मी वाट बघत बसलो, तो वाट बघत पडला. शेवटी उलगडला, मी भिंग धरलं. एका बाजूला सात. दुसऱ्या बाजूला सात. मी पुन्हा मोजले. दुसरा पकडला. चौदा. तिसरा, चौदा.

माळ्यावरून कॉलेजातलं प्राणिशास्त्राचं पुस्तक काढलं. वाळवीने त्याची प्रस्तावना खाल्ली होती, पण मुख्य मजकूर शाबूत होता, आणि त्यात ते चक्क छापलेलं होतं. हा कीटक नाही. खेकडा, कोळंबी, झिंगे यांच्या कुळातला. त्या कुळातले जवळपास सगळे पाण्यातच राहिले. जमिनीवर आलेले अगदी थोडे. समुद्रकाठचे काही खेकडे आले, पण अंडी सोडायला त्यांना परत समुद्रावर जावंच लागतं. ओल्या पालापाचोळ्यात उड्या मारणारे काही बारके नातेवाईक आले. पण पाण्याशी पक्की काडीमोड घेऊन, घरदार मांडून, दगडाखाली, लाकडाखाली, कुंडीखाली राहिले ते हेच. इतके पक्के की पोरंबाळंसुद्धा कोरड्यातच. खाणं कुजलेली पानं, म्हणजे इरलं यांनी खाल्लं नव्हतं, ते कुजल्यावर हे जेवायला आले होते. कुजवलं कुणी, ते पुस्तकात नव्हतं. मला माहीत होतं.

त्या पानाच्या समासात माझ्याच अक्षरात पेन्सिलने लिहिलेलं होतं: 'महत्त्वाचे.' परीक्षेपुरतं वाचलं असणार.

आता कुणीही शहाणा माणूस काय करील? आत जाईल, सासऱ्याच्या शेजारी बसेल आणि म्हणेल, चुकलं. तीन अक्षरं, जोडाक्षर एकही नाही. माझी जीभ मात्र एकतीस वर्षांच्या नोकरीत त्या शब्दाला वळलेली नव्हती. तो मी फक्त लाल शाईने लिहीत आलो होतो. म्हणून मी ठरवलं, तोंडाने नको, कृतीने माफी मागू.

पुस्तकात पुढे लिहिलं होतं की यांना श्वासासाठी शेपटीखाली कल्ल्यांसारखे अवयव असतात. कल्ले! म्हणजे मासे. म्हणजे पाणी. बिचारे महिनाभर कोरड्या फरशीवर तळमळत होते आणि कुणाचं लक्ष नव्हतं. मी शुक्रवारी सकाळी कपडे भिजवायचा मोठा टब मागे ओढला. तळाला कुंडीतली माती, तिच्यावर हातभर पाणी. अगदी भाताचं खाचर! त्यात सासूबाईंचं इरलं मधोमध उभं केलं, वरचं टोक स्वयंपाकघराच्या खिडकीला टेकवून. मग केरसुणीने एकेक पाहुणा सुपलीत गोळा केला आणि पाण्यात सोडला. डोळे भरून आले हो माझे. मामा बाजारातून येतील, पाहतील, म्हणतील, जावई असावा तर असा. मामा नव्हे, बाजारात मीच चाललो होतो. उत्साहात माझी वाक्यं अशी उलटसुलट होतात.

पंचवटीच्या भाजी बाजारात मेथी आणि कोवळी दोडकी घेऊन, भाव करून, वाटेत एका जुन्या सहकाऱ्याला हा प्रयोग रंगवून सांगून मी तासाभराने परतलो. दारातच बायकोचा आवाज ऐकू आला.

"या. बघा. तुमची मंडळी घरात आलीय."

खिडकीतून ओट्यावर, ओट्यावरून भिंतीवर, मीठमसाल्याच्या डब्यामागे, निवडायला घेतलेल्या तांदळाच्या ताटात, सगळीकडे करडे ठिपके चालत होते. इरल्याचा पूल करून सगळी जमात पळून आली होती. जी पोचली ती. टबात पाहिलं तर बाकीची तळाशी, मातीवर, पाय हलवत.

आणि टबाशेजारी मामा उकिडवे बसलेले. हातात आमची चहाची गाळणी. ते एकेक जीव गाळणीने अलगद उचलत होते आणि ओल्या गोणपाटावर ओतत होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "कुनी केलं हे?"

"मी. त्यांना कल्ले असतात मामा. पुस्तकात आहे. म्हणून पाणी..."

मामांनी गाळणी थांबवली. "अवो, कवाच्या काळी पान्यातनं वर आलं हे. हितं बिऱ्हाड केलं. आन् तुमी त्याला मानगूट धरून परत पान्यात ढकललं?"

"मला वाटलं..."

"वल पायजे त्याला. पानी नाय." ते पुन्हा एक गाळत म्हणाले. "वल येगळी. वलीत ऱ्हाऊ द्यायचं निसतं. सारखं वतायचं नाय."

मागे दारात बायको उभी होती. तिच्या हातात मामांसाठी आणलेला, दिवसातला तिसरा चहा होता. तिने कपाकडे पाहिलं आणि तो गुपचूप ओट्यावर ठेवून दिला.

"मामा," मी मेथीची जुडी हातात घेऊनच म्हणालो, "चुकलं. मंगळवारी चुकलं. चौदा पाय आहेत. खेकड्याचीच भावकी आहे. पुस्तकात आहे."

"पुस्तकात हाय?"

"हो."

"मंग झालं," मामा म्हणाले. "म्या आपलं पोट बघून सांगितलं हुतं." आणि त्यांचे खांदे हलायला लागले. मला आधी वाटलं रडताहेत. हसत होते. आवाज नव्हता, नुसते खांदे आणि हातातली गाळणी. "जावईबापू, तुमी खरंच मास्तर हुता ना? का निसती घंटा वाजवायला?"

बायको एवढी हसली की तिला दाराची चौकट धरावी लागली. मी पायजमा वर करून उकिडवा बसलो. गुडघे कडकडले. मामांनी चमचा माझ्या हातात दिला आणि आम्ही दोघं, पुरातून माणसं काढावीत तसे, एकेक जीव गोळा करत बसलो. पुष्कळसे वाचले. तळाशी राहिलेले आठ-दहा नाही वाचले. ते मामांनी कुंडीतल्या मातीत घातले आणि वर चिमूटभर माती सारली. मी चमच्याकडे पाहत राहिलो.

मग त्यांनी एक उताणी करून माझ्यासमोर धरली. "ह्ये बघा. पांढरं दिसतं? पोटाखाली?" भिंग आणलं. पायांच्या मध्ये एक पातळ पिशवी आणि तिच्यात पांढरे कण हलत होते. पिल्लं.

"पिल्लांवाली हाय," मामा म्हणाले. "खेकडीचं आसंच आसतं. पोटाचं झाकन उचललं की खाली बारकी बारकी पिल्लं. आवणीच्या टायमाला खाचरात खेकडी घावली का तुमची सासू आधी उलथी करून बघायची. पिल्लं आसली की सोडून द्यायची. आमच्यात पिल्लांवाली खात न्हाईत. एक साल काय झालं, घरात कालवनाला काय नव्हतं, म्या न बघता टोपल्यात टाकली. तिनं रांधताना बघितली. दोन दिस बोलली नाय माझ्याशी. रस्सा केला, वाढला, पन सोता कोरडी भाकर खाल्ली."

त्यांनी तळहात जरा उजेडाकडे केला. "परवा ह्या इरल्याखाली ही बघितली, आन् मला वाटलं, ती आसती तर म्हनली आसती, सोडा तिला."

एवढं सलग बोलणं मी त्यांच्या तोंडून लग्नापासून ऐकलं नव्हतं. मंगळवारी त्यांना हे सांगायचं होतं. मी मगरीची मावशी सांगितली.

थोड्या वेळाने म्हणालो, "पुस्तकात अजून एक आहे मामा. ती जी पिशवी आहे ना, तिच्यात पाणी असतं. थेंबभरच. पिल्लं त्यात वाढतात. तेवढं पाणी आई आपल्या अंगावर घेऊन फिरते."

मामांनी भिंग घेऊन ती पिशवी पुन्हा पाहिली. मग त्यांनी ती हळूच गोणपाटावर सोडली. "नातं काय लागलं मंग?" त्यांनी विचारलं, लग्नात पलीकडच्या पंगतीतल्या माणसाबद्दल विचारतात तसं.

"म्हणजे खेकडा ती घराण्याची थोरली पाती..."

"आन् ही धाकटी. घर सोडून कोरड्यात आलेली." त्यांनी निकाल देऊन टाकला. आमच्या घरात त्या दिवसापासून त्यांचं नाव धाकटी पाती. मराठीत त्यांना नेमकं काय म्हणतात ते मला आजही माहीत नाही.

इरल्याचं मात्र मला सांगायचं राहिलं होतं. "मी ठेवलं हो बाहेर," म्हटलं. "माझ्यामुळे कुजलं."

मामांनी सांगाडा हातात घेऊन कामट्या दाबून पाहिल्या. "पानं कुजत्यातच. ती बी दर साली नवी बसवायची. काडी धड हाय." मग आत बघून मुलीला म्हणाले, "उद्या शनिवार ना? जाऊ."

बायकोचा चेहरा पडला. माझाही. आवणी, गाडी, 'बघू', सगळं आठवलं. ती फक्त म्हणाली, "मी पण येते सोडायला."

शनिवारी आम्ही तिघं निघालो. तिकडे पाऊस असा की समोरची बस फक्त आवाजावरून कळत होती. वाडीत पोचलो तर पुतण्याच्या खाचरात आवणी चाललेली. बायका ओळीने वाकलेल्या, पाठींवर निळं-पिवळं प्लॅस्टिक. मामा बांधावर उभं राहून पाहत राहिले. पुतण्या खालून ओरडला, "काका, आलात? ऱ्हाणार ना आता?" मामांनी हात हलवला. त्या हाताचा अर्थ हो की नाही, ते मला शेवटपर्यंत समजलं नाही.

मग ते घरात गेले. बराच वेळ आतच. बायको ओसरीवर पदराचं टोक पिळत बसलेली. पाण्याने ओलं झालं होतं म्हणून पिळत होती, असं आपण समजू. मी छपराच्या पागोळ्या मोजत होतो. मोजण्यावर हल्ली माझा फार भर असतो.

मामा बाहेर आले ते कोयता घेऊन. "चला जावईबापू. पळस तिकडं हाय. तुमाला पान वळखता येतं, का ते बी पुस्तकात बघनार?"

मोठी मोठी पानं तोडली, मी बरीचशी चुकीची तोडली, त्यांनी ती निवडून फेकली. भारा बांधला. मामांनी घराला कुलूप लावलं, किल्ली पुतण्याच्या बायकोच्या हातात दिली आणि सांगितलं, "आठवड्याला दार उघडून झाडून काढ." तिने विचारलं, "आन् तुमी?" मामा म्हणाले, "इरलं करायचं हाय. तिकडं काडी ऱ्हायली."

परतीच्या एसटीत मामा खिडकीशी, मांडीवर पानांचा भारा. मी पाकीट चाचपत होतो तोवर कंडक्टर आला. बायको माझ्याकडे बघत होती, मी तिच्याकडे.

"तीन नाशिक," मामा म्हणाले.

मग भारा जरा उघडून, आत बोटाने काहीतरी सारून, त्यांनी खाली वाकून पाहिलं. एका पानाच्या देठाशी करडी, मसुरीएवढी गोळी बसली होती.

"आमच्याकडचीच हाय," ते कंडक्टरला म्हणाले. "हिचं तिकीट लागत नाय ना?"

कंडक्टरने वाकून पाहिलं. "किडा आहे आजोबा तो."

मामांनी माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर बघायला लागलो.